लाल ताऱ्याची पाळी

आमच्या कारखान्यात एक खोली होती, तिथले दिवे उजेडासाठी नव्हतेच. भिंतीपासून भिंतीपर्यंत लोखंडी रॅक, प्रत्येक रॅकवर बल्बांच्या ओळी, दिवसरात्र चालू. कुठला बल्ब किती तास टिकतो ते बघायचं. उडाला की रजिस्टरमध्ये त्याचा नंबर आणि मीटरवरचे तास लिहायचे. काळा चष्मा लावून ओळींमधून फिरायचं, घाम पुसायचा, परत फिरायचं. मी चौथी शिकलेली. पण आकडे मला पहिल्यापासून नीट येतात, म्हणून ते काम जमलं. शिवाय तिथे कुणाशी बोलावं लागत नसे. मला ते बरं होतं.

त्या खोलीत मी एक गोष्ट शिकले. एका रॅकला वीज जास्त दाबाने देत. तिथले बल्ब पांढरेफेक, डोळ्यांत खुपतील असे जळायचे आणि थोड्याच दिवसांत उडायचे. नेहमीच्या दाबावरचे हजार तासांच्या आसपास जायचे. आणि दाराजवळ एक बल्ब कुणीतरी कधीतरी अगदी कमी दाबावर लावून ठेवला होता. आतली तार नुसती लाल दिसायची. त्याच्या उजेडात अक्षर वाचता आलं नसतं. तो मात्र कधीच उडाला नाही. मी लागले त्याच्या आधीपासून होता, आणि माझ्या डोळ्यांदेखत दहा वर्षं तसाच राहिला. जास्त झगमगेल तो लवकर जाईल, लाल राहील तो टिकेल, हे मी पहिल्या आठवड्यापासून रोज बघत होते. म्हणूनच पुढची चूक झाली.

ती नोकरी आधी माझ्या मालकांची, माझ्या नवऱ्याची. कावीळ झाली आणि बारा दिवसांत गेले. नव्वद साल नुकतंच लागलं होतं. मुलगी चार वर्षांची. कंपनीने त्यांच्या जागेवर मला घेतलं. तीन आठवड्यांनी मी त्या खोलीत पहिल्यांदा पाय ठेवला, तेव्हा त्यांनी आजारी पडण्याआधी लावलेले बल्ब अजून जळत होते. रजिस्टरच्या पानावर वरच्या ओळी त्यांच्या अक्षरात होत्या. त्यांच्या खाली मी लिहायला लागले.

आम्ही घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो. घर आगरी लोकांचं. वर गच्ची, पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी कामावरून आले, कपडे काढायला गच्चीवर गेले, तर मुलगी मागोमाग आली आणि विचारलं, "पप्पा कुठे गेले?" त्याआधी तिने चार वेळा विचारलं होतं आणि मी चारही वेळा काहीतरी कामाला लागले होते. त्या दिवशी माझ्यात टाळायचीही ताकद नव्हती. मी वर बोट केलं. डोक्यावर, थोडं पूर्वेकडे, मृगाचे तीन तारे ओळीत होते आणि त्यांच्या जवळ एक लाल तारा. मी म्हणाले, "तो बघ. लाल. ते पप्पा."

आमच्यात असं सांगत नाहीत. आम्ही बुद्धाला मानणारी माणसं. मालक गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी आमच्याच खोलीत बसून म्हणाले होते, जे जे निर्माण होतं ते नाश पावतं, त्याला धरून बसू नका. मोठे दीर रविवारी विहारात मुलांचा वर्ग घेत. मेलेला माणूस तारा होतो असं मी त्यांच्या पुतणीला सांगितलं, हे त्यांना कळलं असतं तर काय बोलले असते ते मला आजही पाठ आहे. म्हणून मी तिला बजावलं, "काकांना नाही सांगायचं. आपल्या दोघींचं."

निळा, पांढरा, झगझगीत असे कितीतरी तारे होते. मी लाल निवडला, कारण लाल टिकतो. माझ्या दृष्टीने मी विचार करून सांगितलं होतं.

मग ते आमचं रोजचं झालं. डिसेंबरात आठच्या सुमाराला तो डोंगरामागून वर यायचा. मुलगी गच्चीवर जाऊन त्याला शाळेतलं सांगायची. प्रगतिपुस्तक उघडून धरायची. मी कपडे गोळा करायला वेळ लावायची. एप्रिल-मे आला की तो खाडीकडे कलायचा आणि मग दिसेनासा व्हायचा. पहिल्या वर्षी ती फार रडली. मी म्हणाले, "पाळी बदलली त्यांची. आता सकाळपाळी लागली." मालकांच्या पाळ्या तिने बघितल्या होत्या, तिला ते लगेच पटलं. गंमत म्हणजे ते खरंच निघालं. गणपतीच्या दिवसांत एकदा पहाटे पाण्याला उठले, आभाळ उघडलेलं होतं, आणि तो डोंगरावर हजर. मी तिला हलवून उठवलं. झोपेतच म्हणाली, "डबा दिला का?"

मोठी होत गेली तसं तिला कळलंच असणार. सहावी-सातवीत ती त्याला काही सांगेनाशी झाली. पण दिवाळीनंतर एखाद्या संध्याकाळी वर जाऊन यायची आणि खाली येऊन म्हणायची, "लागले दुसऱ्या पाळीला." मी म्हणायची, "बरं झालं."

ती नववीत असताना शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. सरांनी तिला विषय दिला, ताऱ्यांचं आयुष्य. तक्ता करायचा आणि येणाऱ्या लोकांना समजावून सांगायचं. सरांनी पुस्तक दिलं होतं. ती आठवडाभर डोकं वर काढत नव्हती. एका संध्याकाळी मी पीठ मळत होते आणि तिने पुस्तकातून मान न उचलता विचारलं, "आई, आपला तारा मृगातलाच ना? वरचा?"

"हो. लाल."

"त्याला काक्षी म्हणतात."

मला नाव आवडलं. मी तसं म्हणाले.

"तो मरायला टेकलाय," ती म्हणाली. "म्हातारा झालाय. फुगलाय. आतलं जळण संपत आलंय त्याचं. फुटणार तो. उद्या फुटेल नाहीतर लाख वर्षांनी. सर म्हणतात, कदाचित फुटलासुद्धा असेल. तिथून उजेड यायलाच काहीशे वर्षं लागतात, आपल्याला कळणार कसं?"

मला हसू आलं. मी म्हणाले, "असं नसतं गं. लाल लवकर जात नाही. मी रोज बघते."

"आई, तो बल्ब नाहीये!"

"अगं पण..."

"एवढे तारे होते. तुला नेमका तोच सापडला?" तिचा आवाज फाटला. "काका बरोबर सांगतात, आपल्यात असलं काही नसतं. मला काय माहीत नव्हतं का पप्पा तिथे नाहीत ते? कधीपासून माहीत आहे. पण निदान तो तरी राहील असं वाटलं होतं."

तिने पुस्तक मिटलं. त्या रात्री जेवली, पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतर तिने बोलणं टाकलं. भांडली असती तर मला चाललं असतं. हो, नाही, दे, ठेव, एवढंच. तीन दिवसांनी सरांची चिठ्ठी आली की मुलगी समोर उभं राहून बोलायला नाही म्हणते, तुम्ही तिला समजवा. मला धस्स झालं. कारण ही गप्प बसायची रीत माझी होती. मी शाळेत असताना बाईंनी कविता म्हणायला उभं केलं की माझा घसा बंद व्हायचा. दुकानात मला हवं ते सोडून वाणी देईल ते मी घेऊन यायची. माझी मुलगी तशी नव्हती. ती बसमध्ये कंडक्टरशी वाद घालायची. आणि आता माझ्या एका वाक्यामुळे तिचा घसा बंद होत होता.

माझं कशात लक्ष लागेना. खोलीत फिरताना एक ओळ दोनदा बघायची आणि एक राहून जायची. संध्याकाळी भाजी टाकली की मला वाटायचं, गेला असेल का? मी जिना चढून वर जायची. तो असायचा. खाली यायची. भाकरी थापायला बसले की परत वाटायचं, आता? परत वर. एका संध्याकाळी मी सहा वेळा गेले. मला त्याच्या मरण्याची भीती नव्हती. भीती ही होती की पोरगी माझ्याशी बोलायच्या आधीच तो फुटेल, आणि मग सांगायला काही उरणार नाही.

घरमालकीण काकू जिन्याखाली बसून सुकट निवडत असायच्या. त्यांनी हटकलंच. "काय गो बाय, कोन हाय वर? सारकी वर जातंस ती?"

"कपडे, काकू."

"कपडे! अंधार परला, दोरीवर चिंधी नाय." मग सूप हलवत म्हणाल्या, "तू पन आयकलंस वाटतं. दोन हजार साली दुनिया खलास होनार हाय म्हंतात. तवा वर काय बगतंस? खलास होनार त समदीच होनार. भारा तेवरा पयल्या तारखेला दे."

मुलगी दारात होती. एरवी ती खदखदून हसली असती. ती आत निघून गेली.

भाकरी करपत होती आणि मी तव्याकडे बघत बसले होते, तेव्हा मला सुचलं. ती म्हणते तो बल्ब नाही. नसेल. पण मी का लाल म्हणाले ते तिने एकदा डोळ्यांनी बघावं. मी तिला फसवलं नव्हतं एवढं तरी तिला कळावं. त्यासाठी साहेबांकडे मागायला लागणार होतं. दहा वर्षांत मी त्यांच्याशी 'हो साहेब'च्या पुढे गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केबिनच्या दाराशी तीनदा गेले आणि तीनदा परतले. चौथ्यांदा म्हणाले, "साहेब."

त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं, कोण बोललं म्हणून. मग म्हणाले, "बाई, तुम्ही? बसा. काय झालं? आग लागली का?"

"नाही साहेब. मुलीच्या शाळेत प्रदर्शन आहे. तीन बल्ब पाहिजेत. आणि तो दाब कमीजास्त करायचा डिमरस्टॅट. एका दिवसापुरता. आणि आधी तिला खोली दाखवायची आहे. शनिवारी."

मी हे सगळं एका दमात आणि जमिनीकडे बघून बोलले. साहेबांनी खण उघडला. मग पेन काढलं. "दहा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलंत, ते पण एकदम यादीच." त्यांनी गेटपास लिहिला. "डिमरस्टॅट जड असतो. माझी स्कूटर सोडेल शाळेत. आणि बाई, पोरीला चष्मा द्या. डोळे जातील."

शनिवारी शाळा सुटल्यावर ती आली. यायला तयार झाली ती खोली बघायला मिळते म्हणून, माझ्यासाठी नाही. काळा चष्मा तिच्या नाकावरून घसरत होता. मी काही समजावलं नाही. मला समजावता येतच नाही. नुसती पुढे चालत राहिले. पांढऱ्या रॅकपाशी थांबून रजिस्टर उघडून दाखवलं. तिने बोट फिरवत तास वाचले. मग साध्या रॅकचे वाचले. मग दाराजवळच्या लाल तारेपाशी आणलं.

"हा किती तास?" तिने विचारलं. पंधरा दिवसांतला तिचा पहिला पूर्ण प्रश्न.

"लिहिलेच नाहीत कुणी. हा परीक्षेचा नाही. तुझ्या पप्पांच्याही आधीपासून आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "म्हणून तू लाल घेतलास."

"हो."

तिने घसरलेला चष्मा वर सरकवला. मग सर बोलतात तशी बोलायला लागली, पण आवाज हळू होता. "लाल दोन प्रकारचे असतात आई. तुझं बरोबर आहे, पण छोट्या ताऱ्यांचं. ते असेच मंद जळतात, लाख लाख कोटी वर्षं. आपला सूर्य अजून पाचशे कोटी वर्षं. काक्षी मुळात खूप मोठा. तो त्या पांढऱ्या रॅकवरचा. कोटीभर वर्षांत सगळं जाळून टाकलं. आता संपताना सुजून लाल झालाय."

"मग त्या छोट्यातला एखादा दाखव ना."

"दिसत नाहीत. एकही दिसत नाही नुसत्या डोळ्यांनी."

आम्ही दोघी तिथे उभ्या होतो. मला घाम आला होता, तिलाही.

प्रदर्शनाच्या दिवशी तिने मला टेबलाच्या मागे उभं केलं, बटण फिरवायला. लुगड्याचा पदर मी दोनदा नीट केला. लोक येत होते. तिचा आवाज पहिल्या दोन वेळा कापला, मग मोकळा झाला. ती म्हणायची, "हा मोठा तारा," आणि मी दाब चढवायची. बल्ब पांढरा व्हायचा, लोक डोळ्यांवर हात धरायचे. "हा सूर्य." "हा छोटा." तिसऱ्याची नुसती तार लाल. दुपारी मोठा तारा फट्कन उडाला आणि एक बाई ओरडल्या. मुलगी म्हणाली, "बघितलंत? हाच सगळ्यात आधी जाणार होता."

एक गृहस्थ हाताची घडी घालून म्हणाले, "हे तुला कुणी सांगितलं? पुस्तकात वाचलंस?"

"ताऱ्यांचं पुस्तकात," ती म्हणाली. "बल्बांचं माझ्या आईने. ती रोज बघते."

सगळे माझ्याकडे वळले. मी बटणाकडे बघत राहिले.

"आणि हे सगळे तारे विझल्यावर?" त्यांनी विचारलं.

"नवीन होतात. पण त्यालाही जळण लागतं, ते संपत जाणार. शेवटी छोटे लाल राहतील. मग तेही विझतील. सगळं एकमेकांपासून लांब लांब जात राहणार. अंधार आणि थंडी."

"मग पुढे?"

तिने माझ्याकडे बघितलं. मला खोलीतली वीज जाते ते आठवलं. एकदम काळोख होतो, पण बल्बांतल्या तारा क्षणभर लाल असतात, आणि मग निवताना काचा टिक टिक वाजत राहतात. मला ते सांगावंसं वाटलं. मी दाब हळूहळू शून्यावर आणला. तिसऱ्या बल्बाची लाल तार काळपट झाली, विझली. ते गृहस्थ "हं" म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

घरी येताना ती माझ्या डाव्या बाजूने चालत होती. गावात शिरल्यावर म्हणाली, "पप्पांनी लावलेले बल्ब तू कामाला लागलीस तेव्हा जळत होते ना? त्यांचं काय झालं?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एकेक उडत गेला. मी रोज कामावर पोचले की आधी त्या ओळीपाशी जायची. शेवटी एकच राहिला. फेब्रुवारीतल्या त्या दिवशी, सकाळी नऊला, मी समोर उभी असताना तो उडाला. मीटरवर तेराशे ऐंशी तास होते. मी लिहिलं नाही. पाळी संपेपर्यंत त्या ओळीकडे पाठ करून फिरत राहिले. चार वाजता निघताना लिहिलं, तेराशे सत्याऐंशी. त्याच संध्याकाळी गच्चीवर तिने पाचव्यांदा विचारलं होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू रजिस्टरमध्ये पण खोटं लिहिलंस."

"सात तास."

ती हसली की रडली ते मला अंधारात कळलं नाही. घरी गेल्यावर तिने प्रदर्शनाची वही काढली. तक्त्यात सूर्य, काक्षी आणि बाकीच्या नावांखाली एक ओळ आखली. 'कुणी लावला' असा नवा रकाना काढून तिथे पप्पांचं नाव लिहिलं. आयुष्य, तेराशे ऐंशी तास. मग वही माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "पुढची पानं कोरी आहेत. तुला लागतील तर घे. त्यांचं आणखी काय काय होतं ते लिही. ताऱ्याचं नको."

मी ती वही घेऊन बसले, पण पहिली ओळ सुचेना. पायांना सवय लागली होती. मी उठले आणि जिना चढून वर गेले. डोंगरावर तो होता. खाली येऊन चप्पल काढत होते, तेव्हा आतून, मान वर न करता, तिने विचारलं, "आहे का गं?"

"आहे," मी म्हणाले.